कोविडकाळात मुलांसाठी जिल्हा पातळीवर नेमकं काय झालं?

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर मे 2021 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं. आईवडील गमावलेली मुलं शोधायची, त्यांचा सांभाळ नीट होतोय का आणि मालमत्ता सुरक्षित आहे का हे पाहायचं, हे त्याचं काम.

दोन्ही पालक गेले आणि त्यातला निदान एक मृत्यू कोविडने झालेला असेल, तर 18 वर्षांखालच्या मुलाच्या नावे राज्याने 5 लाखांची मुदत ठेव ठेवली. एकच पालक गेला असेल तर ही ठेव नाही. तिथे बालसंगोपन योजना, म्हणजे मुलाच्या सांभाळासाठी दरमहा मदत: तेव्हा महिना 1,100 रुपये, 2023 पासून 2,250. दोन्हींसाठी दार एकच: जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय. गृहभेटीचा अहवाल बाल कल्याण समितीपुढे (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) जातो आणि बालसंगोपनाचा आदेश समिती देते.

अडतं बहुतेकदा कागदावर. मृत्यू दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतं, म्हणून कोविड चाचणीचा अहवाल आणि रुग्णालयाची कागदपत्रं जपून ठेवावीत. मुलाचं बँक खातं नसेल तरी रक्कम रखडते.

त्या काळात ‘अनाथ बाळ दत्तक द्यायचंय’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत होते. असं परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे आणि त्यातून मुलांची विक्रीही होऊ शकते. असा संदेश पुढे पाठवू नका, 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.

मनाच्या आधाराची बाजू मात्र पैशांच्या मदतीपेक्षा कायम लंगडी राहिली. समुपदेशन फोनवर होतं, आणि पोरक्या मुलाच्या हातात स्वतःचा फोन क्वचितच असतो. गावात अंगणवाडी सेविकेची नियमित भेटच जास्त उपयोगी.