बेघरांसाठी काही बनवायचं असेल, तर आधी पहाटेचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून उघड्यावर झोपणाऱ्यांना जरा सुरक्षित ठेवणारी साधी वस्तू बनवायची आहे. डोक्यात सौर दिवा, जीपीएस आणि धोक्याचा भोंगा लावलेली झोपण्याची पिशवी आहे. कल्पना कशी वाटते?

भोंगा काढा. जीपीएसही काढा. दिवा तूर्त बाजूला ठेवा. पिशवीबद्दल बोलू.

मी बॅगा शिवण्याच्या धंद्यातला माणूस. चारेक वर्षं एका संस्थेच्या लोकांबरोबर रात्रीच्या फेरीला जायचो, आणि पहिल्याच हिवाळ्यात मीही तुमच्यासारखाच उत्साहात होतो. जाड अस्तराची, गळ्यापर्यंत चेन येणारी, भडक नारिंगी पिशवी शिवली. दहा नग वाटले. महिन्याभराने त्यातल्या दोनच नजरेस पडल्या आणि दोन्ही नुसत्या खाली अंथरलेल्या. आत शिरून झोपलेलं कुणीच नाही. त्यातल्या एका काकांना कारण विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, "यात शिरलो आणि कुणी लाथ घातली, तर माझा हात बाहेर यायला किती वेळ लागेल?"

घरी येऊन दिवा मालवला आणि पिशवीत शिरलो. आतून रनर चाचपडत शोधून चेन उघडेपर्यंत अकरा सेकंद गेले. तेही मी पूर्ण जागा होतो, बोटं गारठलेली नव्हती आणि मला कुणी मारत नव्हतं.

तेव्हापासून कुठलीही वस्तू पाहिली की मी दोन गोष्टी मोजतो. झोपलेला माणूस किती सेकंदांत उभा राहू शकतो, ही पहिली. दुसरी पहाटेची. कुणी शटर उघडायला येतं, कुणी झाडायला येतं, पहारेकरी काठी आपटतो, आणि "ऊठ" म्हटल्यापासून सगळं आवरून निघायला फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात. एका खेपेत, दोन हातांत आणि एका खांद्यावर जे मावेल तेच आपलं. मागे राहिलेलं कचऱ्याच्या गाडीत जातं, मग त्यात औषधं असोत की ओळखपत्र. तुमची वस्तू कितीही चांगली असली तरी ती त्या बोचक्यात कशाची तरी जागा खाणार आहे. कशाची, हे आधी ठरवा. पाण्याच्या बाटलीची? बुटांची?

रंगाचं मात्र मला वाटलं तेवढं सरळ निघालं नाही. नारिंगी पिशव्या बहुतेकांना नको होत्या, कारण लांबून दिसतात आणि नव्या दिसतात. नवी वस्तू चोरीला जाते. म्हणून मी ठरवून टाकलं की या लोकांना दिसायचं नसतं. ते पुरतं खरं नाही. मायकेल राकोविट्झ या कलाकाराने 1998 च्या सुमारास अमेरिकेत इमारतींच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या उबदार हवेवर फुगणारे प्लॅस्टिकचे तात्पुरते निवारे बनवले. पहिला नमुना त्याने काळ्या पिशव्यांचा केला, यांना आडोसा हवा असणार असं धरून. ज्यांच्यासाठी बनवत होता त्यांनीच त्याला सांगितलं की आमची अडचण आडोशाची नाही, जिवाची आहे. हल्ला करायला येणारा आम्हाला दिसला पाहिजे आणि आम्हीही लोकांना दिसलो पाहिजे. मग त्याने आरपार दिसणारं प्लॅस्टिक वापरलं. पुढे न्यूयॉर्कमधल्या एका नमुन्याची उंची साडेतीन फुटांच्या आत ठेवावी लागली, कारण त्यावर गेला की कायद्याने तो तंबू ठरला असता. डिझाईन करताना कायद्याची पट्टीही हातात ठेवावी लागते, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

म्हणजे कुणापासून लपायचं आणि कुणाला दिसायचं, हे जागेप्रमाणे बदलतं. रस्त्याच्या कडेला झोपणाऱ्याला वाटसरूंना दिसायचं नसतं, पण ट्रकवाल्याला दिसलंच पाहिजे. हा पेच सोडवणारी एक जुनीच वस्तू आहे आणि मला ती तुमच्या भोंग्यापेक्षा दहापट हुशार वाटते: परावर्तक पट्टी. तिच्यावर काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात आणि ते प्रकाश इकडेतिकडे न उधळता जिथून आला तिकडेच परत पाठवतात. चालकाचे डोळे हेडलाइटच्या जवळच असतात, म्हणून त्याला पट्टी लख्ख पेटलेली दिसते. फुटपाथवरून जाणाऱ्याला तीच पट्टी मळकट राखाडी दिसते. बॅटरी नाही, बटण नाही, चोरण्यासारखं काही नाही. पट्टी निवडताना मात्र नीट निवडा. उघड्या मण्यांची पट्टी ओली झाली की मंदावते आणि धुऊन-घासून मणी झडतात. वर पारदर्शक थर असलेली प्रिझमची पट्टी पावसात जास्त भरवशाची. ती पांघरुणाच्या मधोमध लावू नका, झोपेत घडीखाली जाते. कडेने आणि पायाकडे लावा. सुईदोरा हाताशी असेल तर जुन्या गोधडीलाही लागते, नवं काही बनवायची गरजच नाही.

आता थंडी. इथे बहुतेक जण वरून पांघरायचं बनवतात आणि खालचं विसरतात. जमीन अंगातली ऊब सतत ओढून घेत असते. जाड रजईसुद्धा अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवणारी खरी गोष्ट ती हवाच असते. म्हणून अनुभवी माणसं पुठ्ठा सोडत नाहीत. कोरडा पुठ्ठा उत्तम काम करतो, भिजला की त्याचा लगदा होतो. बंद छिद्रांचा फोम (व्यायामाच्या चटईला वापरतात त्या जातीचा) ना फारसा दबतो ना पाणी पितो. दुसऱ्या हिवाळ्यात मी पिशवीचा नाद सोडून पाठीवरची बॅग शिवली. तिच्या पाठीच्या बाजूला घडीचा फोम होता. बाहेर ओढला की खांद्यापासून ढुंगणापर्यंत पुरायचा. पाय जमिनीवरच राहायचे, पण ते बॅगेवर टेकवता येत. ही बॅग टिकली, कारण दिवसाही ती बॅगच होती.

पातळ प्लॅस्टिकचं ते चंदेरी चकचकीत पांघरूण सगळे वाटत फिरतात, मीही वाटलं आहे. अंगातून बाहेर पडणारी उष्णता ते परत अंगावर टाकतं, हे खरं. पण जमीन ओढते त्या उष्णतेवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आतला घाम बाहेर जात नाही, त्यामुळे पहाटे कपडे दमट होतात. एक चीर पडली की टर्रकन फाटतं. आणि त्याची कुरकुर एवढी की जवळ आलेल्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही. ही शेवटची तक्रार मला चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितली. प्रयोगशाळेत ती कधीच कळली नसती.

ओल थंडीपेक्षा वाईट. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ऊब ओढतं. ओले मोजे तासन्तास पायात राहिले तर पारा शून्याच्या बराच वर असतानाही पाय बधीर होतात, सुजतात, कातडी खराब होते. बूट काढून झोपावं तर बूट चोरीला जातात. म्हणून लोक ओल्या बुटांतच झोपतात. तुम्हाला खरोखर साधी वस्तू हवी असेल तर इथे शोधा: बूट उशाशी किंवा अंगाशी असे बांधून ठेवायची सोय की कुणी ओढले तर जाग येईल, आणि पाय रात्रभर कोरडे राहतील. उन्हाळ्याच्या प्रदेशात हेच गणित उलटतं, तिथे सावली, पाणी आणि मच्छरदाणी. त्यातलं मला फारसं करता आलेलं नाही.

आग असलेलं काहीही बनवू नका. लहानशी शेगडी नाही, मेणबत्तीची शेकोटी नाही. बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेल्याला तर पत्ताच लागत नाही.

तुम्हाला सेन्सर आवडतात हे दिसतंच आहे, तर जर्मनीतल्या उल्म शहराचं उदाहरण बघा. 2020 च्या हिवाळ्यात तिथे लाकूड आणि पोलादाच्या दोन झोपण्याच्या पेट्या मोकळ्या जागेत ठेवल्या. दाराला आतून कडी. दार उघडलं गेलं की मदत करणाऱ्या संस्थेला खबर जाते, म्हणजे कुणीतरी येऊन विचारपूस करतं आणि पेटी स्वच्छ करतं. कॅमेरा मुद्दाम लावलेला नाही. सेन्सर दारावर आहे, माणसावर नाही. तुमचं जीपीएस माणसावर आहे. ज्याला दिवसातून तीनदा हाकलतात, तो आपला ठावठिकाणा कुठल्या यंत्राला कशाला देईल?

व्हेरोनिका स्कॉटची गोष्टही वाचा. 2010 मध्ये डेट्रॉइटला ती तुमच्यासारखीच विद्यार्थिनी होती, वर्गातलं काम म्हणून तिने झोपण्याची पिशवी होणारा कोट शिवला. निवारा केंद्रापाशी एक बाई तिच्यावर उखडली: कोट काय करायचे, आम्हाला काम हवंय. स्कॉटने कोट सोडला नाही, पण तो शिवायला निवारा केंद्रातल्या बायकांनाच पगारावर ठेवलं. शिवणारा म्हणून सांगतो, याचा वस्तूलाही फायदा होतो. जिने रस्त्यावर रात्र काढली आहे तिला खिसा कुठे हवा हे सांगावं लागत नाही.

नमुने तयार झाले की पाच-सहाच वाटा आणि "आवडलं का?" असं विचारू नका. फुकट मिळालेल्या वस्तूला कुणी तोंडावर वाईट म्हणत नाही. महिन्याने जा आणि ती अजून जवळ आहे का, कशासाठी वापरतात, काय कापून टाकलंय, काय जोडलंय ते बघा.

माझ्या फोमच्या बॅगेला छातीवरून जाणारा निवारीचा एक जादा बंद होता. वजन वाटून जावं म्हणून मी तो मोठ्या हौसेने लावला होता. एका मावशींनी तो ब्लेडने कापून काढला. रात्री त्याचं एक टोक बॅगेच्या कडीला आणि दुसरं घोट्याला बांधायच्या. बॅग कुणी ओढली की त्या जाग्या व्हायच्या, आवाज अजिबात नाही. तुमचा भोंगा तो हाच. मी कौतुक करायला लागलो तर म्हणाल्या, "गाठ सुटत नाही लवकर, पळायचं कसं?" पुढच्या खेपेला मी तो बंद मुळातच सुटा दिला आणि घोट्याच्या टोकाला एका चिमटीत उघडणारं बकल लावलं. त्यांनी तिथेच बसून तीनदा उघडून बघितलं. तिसऱ्यांदा डाव्या हाताने.