ग्रीक इलेक्ट्रमची (सोन्याचांदीच्या मिश्रधातूची) नाणी अडीच हजार वर्षं जुनी असूनही बाजारात मिळतात कशी? नवख्याने कुठलं घ्यावं?

सगळीच मिळत नाहीत. मिळतात ती मुख्यतः 'हेक्टे', म्हणजे स्टेटर या मोठ्या नाण्याचा सहावा भाग. फोकाया आणि मितिलिनी या दोन शहरांनी ती जवळपास दोनशे वर्षं पाडली, म्हणून आजही लिलावांत दिसत राहतात. त्यांच्यातला करार दगडावर कोरलेला सापडला आहे: दोघांनी आळीपाळीने नाणी पाडायची, आणि सोन्याचांदीच्या मिश्रणात कुणी जाणूनबुजून खोट केली तर त्याला मृत्युदंड!

सुरुवात हेक्टेपासूनच करा. वजन जेमतेम अडीच ग्रॅम, आकार करंगळीच्या नखाएवढा. फोकायाच्या नाण्यावर मुख्य चित्राशेजारी इवलासा सील हा समुद्री प्राणी असतो; ग्रीकमध्ये सीलला 'फोके' म्हणतात, म्हणजे शहराच्या नावावरचाच तो खेळ. मागे चार भागांचा खोलगट चौकोन. भिंगातून पाहिलं की त्या एवढ्याशा जागेत कोरलेले केस न् केस दिसतात, आणि मला तरी दर वेळी थक्क व्हायला होतं.

किझिकोस या दुसऱ्या ग्रीक शहराचे सोळा ग्रॅमचे स्टेटर, ट्यूना मासा (आपला कुपा) असलेले, फार महाग. लिडिया या प्राचीन राज्याच्या सिंहमुखी नाण्यांना 'जगातलं पहिलं नाणं' म्हणून मागणी प्रचंड, त्यामुळे खोटी नाणीही तिथेच जास्त.

एक मात्र कळकळीने सांगतो, नाणं कुठून आलं याची जुनी कागदपत्रं मागाच. ही बहुतेक शहरं आजच्या तुर्कस्तानात आहेत आणि तिथून प्राचीन नाणी बाहेर नेणं गुन्हा आहे.