‘घरी बाळंतपण’ म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न असा आहे : सरकारी अहवालांत ‘संस्थात्मक प्रसूती’ असा अवजड शब्द येतो. ‘दवाखान्यात बाळंतपण’ आणि ‘घरी बाळंतपण’ असं साधं का लिहीत नाहीत?

‘संस्थात्मक’ मलाही रुचत नाही. संस्था म्हटलं की पतपेढी आठवते. ‘दवाखान्यात’ लिहायला काहीच हरकत नाही. खरी अडचण ‘बाळंतपण’ या शब्दाची आहे.

‘बाळंत होणं’ ही काही तासांची घटना, पण ‘बाळंतपण’ सव्वा महिना चालतं. तेल-मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सगळं त्यात येतं. म्हणून तर आई ‘लेकीचं बाळंतपण करते’. मूल लेकीला झालेलं असतं, क्रियापद मात्र आईचं! ‘पहिलं बाळंतपण माहेरी झालं’ या वाक्यावरून बाई कुठे राहिली ते कळतं, मूल कुठे जन्मलं ते कळत नाही. ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही जन्मलेलं असू शकतं. तेव्हा मोजणी करायची असेल, तर ‘प्रसूती’ हाच शब्द हवा, किंवा सरळ ‘बाळंत कुठे झाली?’ असं विचारावं.

पूर्वी हा घोळ नव्हता, कारण घर आणि सुईण हे गृहीतच असायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्येही महाराष्ट्रातल्या सुमारे ६५ टक्केच प्रसूती दवाखान्यात होत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या जवळ गेलं. मधल्या काळात जननी सुरक्षा योजनेचे पैसे, आशाताई आणि १०८ची गाडी आली. २०१९-२१च्याच सर्वेक्षणात नागालँड मात्र ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याकडेही नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडी पोचत नाही तिथे ‘अडलेल्या’ बाईला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. तिथल्या घरच्या प्रसूतीला निवड म्हणणं जिवावर येतं.

नेदरलँड्समध्ये ती निवडच असते. १९६०च्या दशकात तिथे निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं घरी जन्मत. आता प्रमाण बरंच उतरलंय, तरी श्रीमंत देशांत ते अजूनही उठून दिसतं. गरोदरपणात धोका नसेल, तर तिथे बाई प्रशिक्षित सुईणीकडेच जाते, डॉक्टरकडे नाही. वैद्यकीय कारण नसताना रुग्णालयात बाळंत व्हायचं म्हटलं, तर काही खर्च स्वतः सोसावा लागतो. काही अडलंच, तर रुग्णालय जवळ असतं. वेदनाशामक इंजेक्शन हवं म्हणून, किंवा धोका वाटून सुईणीनेच पुढे पाठवलं म्हणून, तिथल्याही बायका आता रुग्णालयाकडे वळल्या आहेत. गंमत म्हणजे, प्रसूतीनंतर आठवडाभर घरी येऊन बाळ-बाळंतिणीचं बघणारी बाई तिथे विम्यातून मिळते. म्हणजे आपल्या अर्थाचं ‘बाळंतपण’ तिथेही घरीच होतं.

अहवालासाठी माझी सूचना : ‘दवाखान्यातली प्रसूती’ आणि ‘घरची प्रसूती’. ‘घरगुती’ नको, त्याला पापड-लोणच्याचा वास येतो.