मेंदूतलं डोपामिन मोजायला कार्बन फायबर इलेक्ट्रोड जुना झाला का?

तुम्ही विचारलंय, 'पीएचडीत उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन मोजायचंय. इलेक्ट्रोड आता जुना झाला, सरळ फ्लुरोसंट सेन्सरच घ्यावा का?' 'जुना झाला' हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. सहा वर्षं काढलीत मी या इलेक्ट्रोडबरोबर. डोपामिन म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रसायन, आणि इलेक्ट्रोड विजेवरून त्याचा माग काढतो.

७ मायक्रॉन जाडीचा कार्बनचा धागा काचेच्या केशनळीत घालायचा, नळी तापवून ताणायची आणि बाहेर डोकावणारं टोक मायक्रोस्कोपखाली ब्लेडने कापायचं. श्वास जोरात सोडला तरी धागा उडून जातो. दहातले चार धड निघाले तर तो दिवस चांगला. मग मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज उणे ०.४ पासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत चढवायचं आणि परत उतरवायचं, सेकंदाला ४०० व्होल्टच्या वेगाने. एक फेरा साडेआठ मिलिसेकंदांचा, असे सेकंदाला दहा. चढताना ०.६ च्या आसपास डोपामिन इलेक्ट्रॉन सोडतं, उतरताना उणे ०.२ च्या आसपास परत घेतं. या दोन्ही ठिकाणी करंटचं टोक, म्हणजे उंचवटा, दिसला तरच त्याला डोपामिन म्हणायचं. माझं सगळं भांडण एवढ्यावरूनच.

आमचे सर फक्त ०.६ व्होल्टचा करंट घेऊन वेळेबरोबर रेष काढायचे. उत्तेजन दिलं की लगेच एक टोकदार शिखर यायचं, आणि काही सेकंदांनी दुसरा, संथ बदल. सरांनी त्याला 'डोपामिनचा दुसरा टप्पा' असं नाव दिलं आणि पोस्टरवर टाकलं. मला ते पटेना. एका रात्री बसून मी त्या दुसऱ्या टप्प्याचा पूर्ण व्होल्टामोग्राम, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला किती करंट आला याचा आलेख, काढला. परतीचं टोक गायब, आणि उंचवटे भलत्याच ठिकाणी. दुसऱ्या दिवशी तोच इलेक्ट्रोड फ्लो सेलमध्ये, म्हणजे बफर नावाचा द्राव वाहत असतो अशा छोट्या कप्प्यात, लावला. डोपामिनचा थेंब नाही, फक्त बफरचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.४ वरून ७.५ केला. दोन्ही प्रिंट एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या, तर रेषेवर रेष बसली.

कारण काही गूढ नाही. चेतापेशी कामाला लागल्या की तिथला रक्तप्रवाह वाढतो, कार्बन डायऑक्साइड वाहून जातो आणि पीएच किंचित वर सरकतो. सरांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अगं, पोस्टर लॅमिनेट झालंय."

या क्षेत्राची सुरुवातच फसगतीने झालेली आहे, तेव्हा चुकण्यात लाज नव्हती. १९७० च्या दशकात कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांनी जिवंत उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड घातला, तेव्हा मिळालेला सिग्नल बहुतांशी ॲस्कॉर्बेटचा, म्हणजे आपल्या क जीवनसत्त्वाचा निघाला. मेंदूत ते शेकडो मायक्रोमोलर असतं, डोपामिन बिचारं नॅनोमोलरमध्ये, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या हिश्शांत. मग लोकांनी इलेक्ट्रोडवर नॅफिऑन या पॉलिमरचा ऋणभारित लेप द्यायला सुरुवात केली. तो ॲस्कॉर्बेटला बाहेर अडवतो आणि धनभारित डोपामिनला आत घेतो. आमच्याकडे मात्र लॅमिनेशन.

आता तुमचा सेन्सर. डीलाइट आणि ग्रॅब हे दोन्ही फ्लुरोसंट सेन्सर २०१८ चे. डोपामिनच्या रिसेप्टरमध्येच हिरवं चमकणारं प्रथिन बसवलेलं असतं, डोपामिन येऊन चिकटलं की चमक वाढते. ठरावीक पेशींतच बसवता येतो, एकाच प्राण्यात आठवडेच्या आठवडे बघता येतं. इथे इलेक्ट्रोड हरतो, मान्य आहे. पण चमक वाढली म्हणजे किती नॅनोमोलर, ते सेन्सर सहजासहजी सांगत नाही. शिवाय हिरवं प्रथिन स्वतःच पीएचला हळवं, आणि वाढलेलं रक्त प्रकाश शोषून घेतं ते वेगळंच. म्हणजे जे मला नडलं ते तुम्हालाही नडेल, फक्त रंगीत होऊन. तेव्हा डोपामिनला न चिकटणारा, मुद्दाम बिघडवलेला सेन्सर कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, काही प्राण्यांत घालाच. 'वेळ नाही' म्हणणारा गाईड भेटला, तर पहिल्याच मीटिंगमध्ये त्याच्याकडे कच्चा डेटा मागा आणि तो काय कारण देतो ते ऐका.

हे सगळं डोपामिनपुरतं. ग्लुटामेट हे दुसरं निरोप नेणारं रसायन हवं असेल तर साधा कार्बन काहीच दाखवणार नाही. त्यावर ग्लुटामेट ऑक्सिडेझ हे एन्झाइम बसवून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावं लागतं. आणि नेमका कोणता रेणू आहे याची खात्रीच हवी असेल तर मायक्रोडायलिसिस, म्हणजे मेंदूत बारीक नळी घालून नमुना बाहेर काढून तपासणं, पण तिथे एकेका नमुन्याला मिनिटं जातात.

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्याच विरोधात जाते. नॉरॲड्रिनलिन या डोपामिनच्या भावंड-रसायनाचा व्होल्टामोग्राम डोपामिनसारखाच दिसतो, दोन्ही टोकं जिथल्या तिथे. आम्ही मोजायचो त्या स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागात नॉरॲड्रिनलिन नगण्य म्हणून आमचं निभावलं. तुमचा भाग कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, असेल तर मी वर रुबाबात सांगितलेली दोन टोकांची कसोटी पुरणार नाही.

सरांना हे तेव्हा सुचलं असतं तर वाद निदान लांबला असता. पोस्टर अजून कॉरिडॉरमध्ये आहे म्हणे.