पंधरा वर्षे भरण्याआधीचा अर्ज

देवगड तालुक्यातील, लष्करातून नाईक या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पाच पानी पत्र पाठवले आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये ते पायदळात भरती झाले. २००४ साली अतिउंचावरच्या चौकीवर रॉकेलचा जेरीकॅन पाठीवर घेऊन चढताना ते घसरले आणि कंबरेला मार बसला. पुढच्या वर्षी पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर, बदली झाल्यावर मणक्याची गादी सरकून नस दबल्याचे निदान झाले, शस्त्रक्रियाही झाली, तरी डावे पाऊल लुळेच राहिले. ते लिहितात की, चालताना डाव्या पायातली चप्पल केव्हा गळून पडली हे मागे वळून पाहिल्यावरच कळते. ३१ ऑगस्ट २०११ रोजी ते मुदत पूर्ण करून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व तहहयात तीस टक्के धरले, पण ते सेवेमुळे झालेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, असा शेरा मारला. त्यावरून अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळल्याचे पत्र २०१२ मध्ये आले आणि ते ट्रंकेत गेले. आता मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येईल का, सगळी थकबाकी मिळेल का आणि नसांची नवी तपासणी करून घ्यावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

अशी पत्रे मला सतत येतात. कुडाळ, लांजा, चिपळूण अशी गावे बदलतात, ट्रंक तीच असते. त्यामुळे अपंगत्व पेन्शन म्हणजे काय, हे पुन्हा सांगत बसत नाही. आपल्या प्रकरणात सगळे एका नियमावर येऊन थांबते आणि आपल्या पाच पानांत त्याचा उल्लेखही नाही.

१ जानेवारी २००८ नंतर निवृत्त झाल्यामुळे आपल्याला २००८ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे अशा पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, लागू होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ज्या नव्या नियमांची गावात चर्चा ऐकून आपण धास्तावला आहात, त्यांचा आपल्याशी संबंध नाही. २००८ च्या नियमांतील सातवा नियम असा आहे की, पेन्शनचा हक्क सिद्ध करण्याचा भार सर्वसाधारणपणे दावेदारावर टाकला जाणार नाही. मात्र निवृत्तीनंतर पंधरा वर्षे उलटून गेल्यावर दावा केला आणि तोपर्यंत ठरलेली मुदत संपून सेवेची कागदपत्रे नष्ट झालेली असली, तर तो भार दावेदारावर येईल. आपली पंधरा वर्षे ३१ ऑगस्ट २०२६ रोजी भरतात. त्या तारखेपर्यंत कागद दाखवून आपले म्हणणे खोडून काढणे हे सरकारचे काम आहे; त्यानंतर, कागद नष्ट झाले असतील तर, वीस-बावीस वर्षांपूर्वी बर्फात नेमके काय घडले हे आपल्याला सिद्ध करावे लागेल, आणि आपल्याजवळ आज काय शिल्लक आहे ते आपणच लिहिले आहे: कसर लागलेले डिस्चार्ज बुक आणि वाळवीने अर्धी खाल्लेली हॉस्पिटलची एक चिठ्ठी. बाकीचे मूळ कागद आपण सात वर्षांपूर्वी ‘दिल्लीत ओळख असलेल्या’ एका गृहस्थांच्या हाती दिलेत, तेही झेरॉक्स न काढता. याबद्दल अधिक लिहीत नाही. लिहिले तर भाषा सुटेल.

दावा २०१२ मध्येच फेटाळला गेला, म्हणजे तो पंधरा वर्षांच्या आत केलेला होताच, असा युक्तिवाद करता येईल आणि मी तो करीनही; पण सगळी भिस्त त्यावर ठेवण्याचे कारण नाही. दोन कागद आजच तयार करावेत. पहिला, सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या नावे प्रथम अपील, सोबत विलंब माफ करण्याची विनंती. अपिलाची सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटली आहे, त्यामुळे उत्तरात बहुधा ‘मुदतबाह्य’ एवढाच शब्द येईल. तो आला तरी आपले काम होते, कारण न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी खात्याकडे दाद मागितल्याचा तो पुरावा ठरतो. सहा महिन्यांत काहीच उत्तर आले नाही, तरी न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार पुढची वाट मोकळी होते. अपील स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती ट्रंकेत न ठेवता तिचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये ठेवावा.

दुसरा कागद माहिती अधिकाराचा, दहा रुपयांचा. त्यात मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, २००४ व २००५ मधील उपचारांचे कागद आणि नेमणुकांची तारीखवार नोंद यांच्या प्रती मागाव्यात. त्याखाली, बहुतेक जण विसरतात तो प्रश्न लिहावा: यांपैकी काही नष्ट केले असल्यास ते कोणत्या तारखेला आणि कोणत्या आदेशाने? सातव्या नियमात पंधरा वर्षे आणि नष्ट झालेले कागद या दोन्ही अटी एकत्र आहेत. कागद शाबूत आहेत असे उत्तर आले, तर भार आपल्यावर येण्याचे कारण उरत नाही. मुदतीआधीच नष्ट केले असे आले, तर तो दोष आपला नाही. दोन्ही उत्तरे आपल्या उपयोगाची आहेत, फक्त ती लेखी हवीत.

बोर्डाच्या ‘सेवेमुळे झालेले नाही, वाढलेलेही नाही’ या शेऱ्यासाठी फौजेत NANA ही इंग्रजी आद्याक्षरे वापरतात आणि ती वाचताना ‘नाना’ असे होते. या नानांनी कोकणातली किती पेन्शने अडवली याची गणती नाही. कागद हाती आल्यावर शेऱ्याच्या आधीचा, दुखणे कोठे सुरू झाले हे सांगणारा रकाना पाहावा. तेथे बहुधा पीस स्टेशनचे नाव असेल, कारण स्कॅन तेथे झाले. निदान जिथे झाले तिथेच दुखणे सुरू झाले असे धरणे चूक आहे. ते चूक आहे हे दाखवायला नेमणुकांची नोंद आणि २००४ मधली एखादी सिक रिपोर्टची, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे गेल्याच्या नोंदीची, ओळसुद्धा कामी येईल. घसरलात तेव्हा इजेचा अहवाल भरून घेतला नाहीत, हे मोठे नुकसान आहे. पण अतिउंचावरच्या नेमणुकीने दुखण्याचा पुढचा प्रवास बिघडला तर ते सेवेमुळे वाढले असे धरण्याची तरतूद त्याच नियमांत आहे, आणि माझ्या मते आपली बाजू तेथेच अधिक भक्कम आहे. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाने कारणे दिली पाहिजेत असे सांगितले, ते आपण वाचले आहे. तो निकाल आधीच्या, १९८२ च्या नियमांवरचा आहे, हा आक्षेप सरकारी वकील घेणारच, तेव्हा त्याच्या आधाराने किती पुढे जाता येईल हे आज ठामपणे सांगत नाही.

नसांची नवी तपासणी तूर्त करू नये. आपल्याला चार वर्षांपासून मधुमेह आहे. मी डॉक्टर नाही, पण मधुमेहात नसा सहसा दोन्ही पावलांपासून सारख्या बिघडतात, आणि आजच्या अहवालात दोन्ही पाय दिसले की समोरचा वकील डाव्या पायाचेही खापर साखरेवर फोडेल. प्रश्न २०११ मधल्या एका पायाचा आहे आणि त्याचे उत्तर तेव्हाच्या कागदांत आहे.

पैशांचे थोडक्यात सांगतो. तीस टक्के मान्य झाले तर रामअवतार प्रकरणातील डिसेंबर २०१४ च्या निकालाप्रमाणे ते पन्नास धरले जावेत. म्हणजे शेवटच्या वेतनाच्या पंधरा टक्के, चालू पेन्शनखेरीज. थकबाकी मात्र तारसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालामुळे न्यायाधिकरणात अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे धरून चालावे. मधल्या वर्षांचे पैसे गेले, आणि दाखल करण्यात जितके महिने लावाल तितके अजून जातील.

निकाल कधी लागेल, हे विचारू नये. खंडपीठाला एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य लागतो; एक खुर्ची रिकामी झाली की काम थांबते, आणि रात्रभर कोकणकन्येने मुंबई गाठलेला माणूस पुढची तारीख घेऊन परततो. प्रत्येक तारखेला आपण येण्याची गरज नाही, पाय तसा असताना तर नाहीच.

माझ्याकडे येताना ती अर्धी चिठ्ठी आहे तशीच, वहीच्या दोन पानांमध्ये ठेवून आणावी. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. चिठ्ठीच्या कडेला तारखेचा ‘०४’ अजून वाचता येतो, असे आपण लिहिले आहे.