रिचर्ड चीझ ऐकायला सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?

'टक्सिसिटी' (२००२) घ्या. रिचर्ड चीझ रॉक-मेटलसारखी गाणी लाउंज शैलीत, म्हणजे हॉटेलात वाजणाऱ्या निवांत संगीताच्या ढंगात, गंमत म्हणून गातो. पहिला अल्बम २००० चा, 'लाउंज अगेन्स्ट द मशीन'. नाव 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडवरून फिरवलेलं. तोही छान आहे, पण 'टक्सिसिटी'त 'डाउन विथ द सिकनेस' आहे आणि ते एक गाणं ऐकलं की सगळा प्रकार कळतो.

मूळ गाणं 'डिस्टर्ब्ड' या मेटल बँडचं, गुरगुरत, किंचाळत म्हटलेलं. चीझ, म्हणजे अमेरिकन कलाकार मार्क जोनाथन डेव्हिस, तेच शब्द हॉटेलातल्या पियानोवर हसतमुख गायकासारखे गुळगुळीत झुलवत म्हणतो. २००४ च्या 'डॉन ऑफ द डेड' या चित्रपटात ते वापरलंय: बाहेर झोंबी, आत मॉलमध्ये माणसं वेळ घालवतायत आणि मागे हे मजेत चाललेलं.

मला यातलं सर्वात आवडतं ते वादन. पियानो, बास, ड्रम्स सगळे मन लावून, पक्क्या स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात वाजवतात. वादकांची नावं मात्र खायच्या चीझच्या प्रकारांवरून, पियानोवर बॉबी रिकोटा! वाजवणं कच्चं असतं तर विनोद दोन गाण्यांत संपला असता. मूळ गाणं आधी ऐका, मग हे. आणि हेडफोन लावा, कारण बरेच शब्द घरच्यांसमोर ऐकण्यासारखे नाहीत.