फणसाखालची पिकअप, मासळीचा हौदा आणि इतर प्रश्न

काजूचा हंगाम सरत आला की गाड्यांची पत्रं वाढतात. पावसाआधी काय उरकायचं आणि काय दसऱ्यानंतरवर ढकलायचं, हाच बहुतेकांचा प्रश्न. या वेळी पिकअपवाले जास्त आहेत.

प्रश्न : घरची पांढरी पिकअप चार वर्षं फणसाखाली उभी होती. टप आणि बोनेट खडूसारखं झालंय, हात फिरवला की हाताला पांढरं लागतं. काचांच्या रबरात शेवाळ, खालच्या अंगाला लाल माती घट्ट बसलेली. चवथीला गाडी चकचकीत हवी आहे. थेट रबिंग-पॉलिश करून घेऊ का? (वाळपई)

उत्तर : थेट नको. चिऱ्याच्या मातीतली कचकच रंगापेक्षा कितीतरी कठीण असते. ती अंगावर असताना फडकं फिरवलं तर पॉलिश होत नाही, पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. आधी धुणं, तेही नीट.

सुरुवात बोनेट उघडून करा. पुढच्या काचेखालच्या जाळीत फणसाची पानं कुजून चिखल झालेला असणार. तिथली पाणी जायची वाट बुजली की पाणी केबिनमध्ये उतरतं आणि पायाखालचा पत्रा आतून सडतो. पानं हाताने काढा, वरून एक तांब्या पाणी ओता आणि ते खाली जमिनीवर पडतंय ना, बघा. दारांच्या खालच्या कडेची भोकंही काडीने मोकळी करा. हे झाल्याशिवाय चकाकीचं नाव काढू नका.

मग गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवा. आधी खालची बाजू आणि चाकांच्या कमानी, कारण तिथला चिखल वर उडतो. प्रेशर पंपाचं तोंड रंगापासून निदान एक फूट लांब ठेवा. पोपडे सुटलेत तिथे त्याहून लांब. शॅम्पूचा फेस सगळीकडे मारून पाच मिनिटं भिजू द्या, वाळू देऊ नका. नंतर दोन बादल्या : एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळायचा, मगच परत शॅम्पूत. वरून खाली या आणि दारांचा खालचा तिसरा हिस्सा वेगळ्या मोज्याने, सगळ्यात शेवटी. कपड्यांची पावडर, सोडा, डिझेलचा फवारा यांतलं काही नको. डिझेलने रबर फुगतं. शेवाळ जुन्या टूथब्रशने आणि पातळ केलेल्या ऑल-पर्पज क्लीनरने निघतं, एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी.

आता पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटं रंगावरून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला न कळणारा खरखरीतपणा पिशवीतून स्पष्ट लागतो. त्याला क्ले बार हवा, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. शंभर ग्रॅमच्या वडीचे तीन तुकडे करा, एक तुकडा पुरीसारखा चपटा करा, शॅम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून दोन फुटांच्या चौकोनात जोर न लावता सरळ रेषेत फिरवा. क्ले मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही. पांढऱ्या रंगावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसले तर ते ब्रेकच्या किंवा ग्राइंडरच्या लोखंडाचे कण असतात. त्यावर आयर्न रिमूव्हर मारा, तीन-चार मिनिटांत जांभळं पाणी ओघळेल, वाळायच्या आत धुवा. वास कुजक्या अंड्याचा येतो, घाबरू नका. लाल मातीसाठी मात्र ही महाग बाटली रिती करू नका.

पॉलिशआधी एक चाचणी. काळ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन बोनेटचा कोपरा घासा. (पांढऱ्या गाडीला पांढरं फडकं घेतलं तर काहीच कळत नाही, ही चूक बरेचजण करतात.) फडक्यावर पांढरा रंग उतरला तर वर वेगळा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, एकाच थराचा रंग आहे. हाताला खडू लागतो म्हणता, म्हणजे तुमचं बहुधा तेच. ही चांगली बातमी, कारण वरचा मेलेला थर कंपाउंडने (घासणाऱ्या जाडसर पॉलिशने) निघाला की खालचा रंग जिवंत असतो. उलट क्लिअर कोटची गाडी असून तिच्या टपावर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटत असतील, तर कुठलंही पॉलिश त्याला चिकटवू शकत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवणं एवढाच इलाज.

कारखान्यातून आलेला रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आणि माणसाचा केस ७० च्या आसपास. म्हणजे घासायला मिळणारी जाडी किती, याचा अंदाज करा. म्हणून गोल फिरणाऱ्या बफिंग मशीनऐवजी ड्युअल अॅक्शन मशीन (फिरता फिरता डोलणारं) घ्या, पाच इंची फोमचं पॅड लावा. पॅडवर हरभऱ्याएवढे कंपाउंडचे चार थेंब, दोन फूट बाय दोन फूट जागा, वेग चार किंवा पाचवर, हात सावकाश : सेकंदाला इंचभर. आधी आडवे, मग उभे, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्यावर चढवत चार ते सहा फेऱ्या. पुसा, उजेडात बघा, पुरे झालं असेल तर थांबा. एकाच थराच्या रंगावर पॅड लगेच पांढरं भरतं. प्रत्येक पॅनेलनंतर ब्रशने साफ केलं नाही तर ते घासण्याऐवजी नुसतं तापवतं. कडांवर आणि पत्र्याच्या मोडीवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. काळ्या बंपरला आणि रबरालाही. तिथे पॉलिश लागलं तर पांढरे डाग निघता निघत नाहीत.

कंपाउंडनंतर फिनिशिंग पॉलिश, आणि त्याच दिवशी सीलंट, म्हणजे रंग झाकणारा कृत्रिम संरक्षक थर. उघडा पडलेला एकथरी रंग तसाच उन्हात ठेवलात तर चवथीपर्यंत पुन्हा खडू.

प्रश्न : मालिम जेटीवरून मासळी नेतो. हौद्याच्या कोपऱ्यांना आणि फाळक्याखाली गंजाचे फुगे आलेत. दरवर्षी पावसाआधी चेसिसला जळकं ऑइल मारून घेतो, तरी गंज थांबत नाही. रबरी अंडरकोटिंग करू का? (पर्वरी)

उत्तर : गंजावर रबरी कोटिंग मारणं म्हणजे ओल्या जखमेवर प्लास्टिक बांधणं. वरून काळंभोर, आत पाणी अडकलेलं. दोन वर्षांनी कोटिंगची सालं निघतात आणि त्यांच्यासोबत पत्राही.

मूळ मिठात आहे. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ, ते बर्फाच्या पाण्यातून हौद्याच्या सांध्यांत उतरतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते, म्हणून पत्रा वरून कोरडा दिसला तरी सांधा वाळतच नाही. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे : शेवटची खेप टाकली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने हौदा, फाळक्याची शिवण आणि चेसिसच्या आतली पोकळी धुवा. हौद्यात रबरी चटई असेल तर ती उचलून खाली धुवा आणि उभी वाळत टाका. चटईखालचं खारं पाणी सगळ्यात घातक.

जळकं ऑइल काही दिवस पाणी अडवतं हे खरं. पण ते पाट्यांचे रबरी बुश आणि होज नरम करतं, धूळ धरतं, आणि ठिबकून शेवटी कुणाच्यातरी विहिरीच्या वाटेला लागतं.

फुगे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. गेलं नाही तर वायर ब्रश, मग ८० आणि १८० नंबरचा पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला टिकाऊ थरात बदलणारं रसायन. त्याने गंज काळा पडतो, बाटलीवर लिहिलेला वेळ वाळू द्या. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. आपल्या हवेत सकाळी त्यावर पिवळी झाक आलेली असते. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरायची असेल तर इपॉक्सीच्या वर; थेट पत्र्यावर भरलेली लांबी पाणी पिते आणि तिच्याखालूनच पुन्हा फुगा येतो. साधा राखाडी सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर) लावून 'रंग पावसानंतर बघू' म्हणाल तर तेही चुकेल, सरफेसर पाणी झिरपू देतो.

चेसिसच्या आत, दारांत आणि फाळक्यात कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत पसरणारं पातळ मेण) लांब नळीने फवारा. बाहेरून लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा) किंवा साध्या मेणाचा थर चालतो. धुतल्यावर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून मगच. डिस्क, ड्रम आणि सायलेन्सर झाकून घ्या, पाणी जायची भोकं बुजवू नका. हे काम मे महिन्यातलं, जुलैतलं नव्हे.

प्रश्न : बोंडूंचे (काजूच्या फळांचे) क्रेट नेताना रस ओघळून फाळक्यावर तपकिरी रेघा पडल्यात. (सांखळी)

उत्तर : रस आंबट आणि तुरट, त्याच दिवशी साध्या पाण्यानेही जातो. वाळून बसला असेल तर शॅम्पू, नंतर हाताने हलकं पॉलिश. बियांच्या टरफलातला चीक मात्र वेगळा : काजू हा बिब्ब्याच्या कुळातला, चीक कातडीला भाजतो आणि रंगालाही सोडत नाही. हातमोजे घालून, फडक्यावर थोडं केरोसीन घेऊन टिपा, घासू नका, आणि लगेच शॅम्पूने धुवा. रंगाला सुरकुती आली असेल तर तो भाग रंगवायलाच लागणार. पुढच्या हंगामाला क्रेटखाली जाड ताडपत्री घाला, कडा वर वळवून.

प्रश्न : एका दुकानात सिरॅमिक कोटिंग करून घ्या, पाच वर्षं बघायला नको, असं सांगितलं. कामाच्या पिकअपला ते परवडतं का? (मडगाव)

उत्तर : पाच वर्षं 'बघायला नको' असं काही नसतं. कोटिंगचा थर मायक्रॉनभराच्या आसपास. पक्ष्यांची विष्ठा, चिखल, शॅम्पू यांना तो वॅक्सपेक्षा चांगला तोंड देतो आणि गाडी लवकर धुऊन होते. पण खडी लागून रंग उडणं तो थांबवत नाही, दोरीचे आणि क्रेटचे ओरखडेही नाहीत. रोज माल चढणाऱ्या गाडीला आमचं मत सीलंटच्या बाजूने : एकदा मेमध्ये, एकदा दसऱ्यानंतर. साधं कार्नोबा मेण आपल्या पावसात महिना-दोन महिने टिकलं तर खूप.

तरी कोटिंग करायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, बंद जागेत. दमट हवेत ते झरझर धरतं आणि पुसायला उशीर झाला की इंद्रधनुषी डाग तिथेच घट्ट होतात. ते मग पॉलिश करूनच काढावे लागतात. आधी पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पॉलिशचं तेल काढलं का, हे दुकानदाराला विचारा. तेलावर बसलेलं कोटिंग रंगाला धरतच नाही. लावल्यावर २४ तास पाणी नको, दंवही नको. सात दिवस शॅम्पू नको.

प्रश्न : हेडलाइटच्या काचा पिवळ्या झाल्यात. टूथपेस्टने जातात का? (पेडणे)

उत्तर : जातात, काही आठवड्यांपुरत्या. ती काच नसते, प्लास्टिक असतं. त्यावरचा ऊन अडवणारा थर संपला म्हणून पिवळेपणा येतो. भोवती टेप लावून १०००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून क्रमाने फिरवा, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवा. मग कंपाउंड, आणि वर ऊन अडवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा हात चुकवला तर टूथपेस्ट आणि वॉटर पेपर सारखेच. धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर बाहेरून कितीही घासा, फरक पडणार नाही.

प्रश्न : पावसाळाभर गाडी वापरणार नाही. कव्हर घालून ठेवू? (काणकोण)

उत्तर : छपराखाली असेल तर कव्हर नकोच. उघड्यावर ठेवणार असाल तर हवा खेळणारं कव्हर घ्या, प्लास्टिकचं नको, आणि धुऊन वाळवलेल्या गाडीवरच घाला. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलून रंग घासतं. पाऊस उघडला की काढून वाळवा. केबिनच्या काचा बोटभर खाली ठेवा, पण गाडी छपराखाली असतानाच.